नुसती सर्दी की फ्लू? लेकराच्या तापाकडे नीट पाहा

कापूस वेचणीचे दिवस आले की पहाटेच्या गारठ्यात माय शेतावर जाते. अंग तापलेले लेकरू आजीजवळ राहते, नाही तर एक गोळी देऊन शाळेत धाडले जाते. दिवसाची मजुरी बुडवणे सोपे नाही, म्हणून मायला दोष देण्याचे कारण नाही. पण यवतमाळच्या पाटीपुऱ्यात असो की खेड्यातील वस्तीत, नाक वाहिले की आपण 'सर्दी झाली' एवढेच म्हणतो. सर्दी आणि फ्लू हे दोन वेगळे आजार आहेत.

सर्दी हळूहळू येते. आधी घसा खवखवतो, मग शिंका, मग नाक वाहते. दोन-तीन दिवसांनी शेंबूड घट्ट, पिवळा होतो. तेवढ्याने घाबरून अँटिबायोटिक गोळ्या आणू नयेत, विषाणूवर त्यांचा उपयोग नसतो. ताप नसतो किंवा थोडा असतो. मूल कुरकुरते, पण खेळते, भाकर खाते.

फ्लू एकदम येतो. सकाळी हसत शाळेत गेलेले पोर दुपारी दप्तर टाकून गोधडीत शिरते. ताप 102, 103 किंवा त्याहून वर, हुडहुडी, डोकेदुखी, अंग ठेचल्यासारखे, कोरडा खोकला. काही मुलांना उलट्याही होतात. ताप उतरताना पोटऱ्या इतक्या दुखतात की एखादे पोर पाय टेकत नाही. हे बहुधा आपोआप थांबते, पण लघवी लाल किंवा काळसर झाली तर दवाखाना गाठावा. नाक-घसा काहीच नाही आणि नुसताच मोठा ताप असेल, तर डेंग्यू-मलेरियासाठी रक्त तपासून घ्यावे.

मात्र दरवेळी इतके स्पष्ट दिसेलच असे नाही. 2009 साली स्वाइन फ्लूने देशात पहिला बळी घेतला तो पुण्यातील 14 वर्षांच्या शाळकरी मुलीचा. तिचे दुखणेही घसा, नाक आणि डोके यांपासूनच सुरू झाले होते. जरा बरे वाटले म्हणून ती शाळेतही गेली, आणि पुन्हा ताप चढला. बरे होऊन पुन्हा आलेला ताप म्हणजे त्याच दिवशी डॉक्टर, हे ध्यानात ठेवा. तसेच धाप लागणे, श्वास घेताना बरगड्या आत ओढल्या जाणे, ओठ निळसर होणे, झटके येणे, मूल गुंगीत राहणे, आठ तास लघवी न होणे, यांपैकी काहीही दिसले तर रात्र काढू नये. फ्लूवर गोळी आहे, पण पहिल्या 48 तासांत दिली तर तिचा गुण अधिक येतो.

आता आपल्या घरांशी निगडित गोष्ट. विदर्भात आदिवासी बांधवांप्रमाणेच आपल्या समाजातही सिकलसेल मोठ्या प्रमाणात आढळतो. हा आजार असलेल्या मुलाचा ताप 'सर्दीचा' म्हणून घरी ठेवायचाच नसतो. त्याची प्लीहा जंतूंशी लढण्यात कमी पडते, त्यामुळे साधा वाटणारा ताप काही तासांत रक्तात विष पसरवू शकतो. शिवाय फ्लूची अंगदुखी आणि सिकलसेलचे दुखणे घरी वेगळे ओळखता येत नाही. ताप 101 च्या वर गेला की तपासणीचे कार्ड घेऊन सरळ रुग्णालयात जा आणि 'सिकलसेल आहे' हे आधी सांगा. शाळेतील गुरुजींनाही सांगून ठेवा. त्यात लाज कसली? तपासणी झालीच नसेल, तर प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा आशाताईंकडे चौकशी करा.

औषधाचे म्हणाल, तर तापाला वजनाच्या मानाने पॅरासिटामॉल, भरपूर पाणी, पेज आणि आराम. ॲस्पिरिन असलेली डोकेदुखीची गोळी किराणा दुकानातून आणून मुलांना देऊ नये. फ्लूमध्ये ती मेंदू आणि यकृताला घातक ठरू शकते. खोकल्याचे सिरपही मनाने नको. 2025 साली शेजारच्या छिंदवाड्यातील सर्दी-तापाची चिमुकली विषारी सिरपने दगावली, त्यांतील कित्येक नागपूरच्या रुग्णालयांत.

गोळी न देता 24 तास ताप आला नाही, की मगच शाळा. तोवर शाळेत चिठ्ठी पाठवावी. खोकला आणि थकवा त्यानंतरही आठवडाभर रेंगाळतो, म्हणून कवायत आणि पाण्याची घागर काही दिवस दुसऱ्याने घ्यावी.