जुन्या बुलेटचा कायापालट – लेखांक चौथा : आसनाचा त्रिकोण

मागील लेखांकाच्या अखेरीस साडेतीनशे सीसी बुलेटचे इंजिन आपण पुन्हा चेसिसवर चढवले होते, आणि ज्यांनी ते काम स्वतःच्या हातांनी केले त्यांची गाडी एव्हाना पडवीत उभ्या उभ्या सुरळीत धडधडू लागली असेल. अशा वेळी माणसाला पहिली ओढ लागते ती ग्राइंडर हाती घेऊन मागचे मडगार्ड उडवण्याची आणि चेसिसचे शेपूट छाटून टाकण्याची. कारण कॅफे रेसर म्हणताच डोळ्यांसमोर येते ती एकट्याची आखूड सीट आणि तिच्यामागची मोकळी जागा. ही ओढ आवरावी, असे मला आग्रहाने सांगावयाचे आहे. कॅफे रेसर हा प्रकार गाडी कापल्याने सिद्ध होत नाही. चालकाचे शरीर यंत्रावर कोणत्या रीतीने बसते यावरून तो सिद्ध होतो, आणि तसे बसवण्याची सगळी तजवीज मूळ चेसिसला पाते न लावता, वाटेल तेव्हा पूर्ववत करता येईल अशा बेताने करता येते.

या प्रकाराचा उगम पाहिला तर हे लगेच ध्यानात येते. लंडनच्या नॉर्थ सर्क्युलर रोडवर १९३८ साली उघडलेले एस कॅफे महायुद्धातील बॉम्बहल्ल्यात पडले, १९४९ मध्ये पुन्हा उभे राहिले, आणि १९६९ मध्ये बंद होईपर्यंत तेथे मोटारसायकलवाल्या तरुणांचा राबता राहिला. ही बहुतेक कष्टकऱ्यांची मुले. शर्यतीची खास गाडी विकत घेण्याची ऐपत नसल्यामुळे, ज्या गाडीवर सोमवारी कामाला जावयाचे तिलाच शर्यतीच्या गाडीचे आसन देण्याचा मार्ग त्यांनी काढला. हँडल खाली आणले, फुटरेस्ट मागे व वर नेले, सीट मागे सरकवली. इतके झाले की चालक आपोआप टाकीवर झुके आणि त्याची छाती वाऱ्याच्या झोतातून बाहेर पडे. यामागील हिशेब पक्का आहे. वाऱ्याचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे ताशी ५० किलोमीटरवरून १०० वर गेले की तो दुप्पट नव्हे, चौपट होतो, आणि त्याला पुरे पडण्यासाठी लागणारी शक्ती तर आठपट होते. आपल्या बुलेटजवळ सारी मिळून सुमारे १८ अश्वशक्ती; तीत भर घालावयाची तर पिस्टनपासून कार्बोरेटरपर्यंत खर्चाचा डोंगर उभा राहतो, आणि अंग झुकवण्याला मात्र थोडे पोलाद व थोडा विचार पुरतो. लंडनच्या त्या तरुणांपैकी काहींनी ट्रायम्फचे इंजिन नॉर्टनच्या चेसिसमध्ये बसवून ‘ट्रायटन’ नावाची संकरित गाडीही जन्माला घातली. पण तो कार्यशाळेचा उद्योग, घरच्या पडवीचा नव्हे.

हा सगळा प्रकार परकीयांचा, त्याचे आपल्याला काय, अशी हरकत कोणी घेतील, त्यांनी बुलेटची वंशावळ आठवावी. रेडिचच्या रॉयल एनफील्ड कंपनीने तरुणांचा हा कल ओळखून १९६४ साली २५० सीसीची कॉन्टिनेंटल जीटी बाजारात आणली, म्हणजे जे काम मुले रात्री घरी बसून करीत ते कारखान्यानेच करून दिले. त्याच कंपनीची बुलेट १९५५ पासून मद्रासच्या एनफील्ड इंडिया कंपनीमार्फत या देशात तयार होऊ लागली; रेडिचचा कारखाना १९६७ मध्ये बंद पडला आणि मद्रासची बुलेट चालत राहिली. तेव्हा तिरोड्याच्या किंवा आमगावच्या एखाद्या अंगणात ताडपत्रीखाली विसावलेली बुलेट ही त्या कॉन्टिनेंटल जीटीची सख्खे भावंडच आहे.

आपल्या गोंदिया जिल्ह्यात पुष्कळांच्या घरी बुलेट नसून राजदूत असेल, हेही मी जाणतो. एस्कॉर्ट्सची ही १७५ सीसीची गाडी पोलंडच्या एसएचएल एम-११ वरून बेतलेली. तिचा पुढचा फोर्क दुर्बिणीच्या नळ्यांसारखा आतबाहेर सरकणारा नव्हे, तर आडव्या दांड्यांवर झुलणारा आहे. ज्या आखूड हँडलांना क्लिप-ऑन म्हणतात ती फोर्कच्या नळीला आवळून बसवावयाची असतात, आणि राजदूतला तशी आवळण्याजोगी नळीच नाही; म्हणून राजदूतवाल्यांनी क्लिप-ऑनचा नाद सोडून खाली वाकवलेले अखंड हँडल घ्यावे. म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यातील येझदीवाल्यांची स्थिती या बाबतीत पुष्कळच बरी.

आता प्रत्यक्ष मापांकडे वळू. सीटचा सर्वांत खोल बिंदू, फुटरेस्ट आणि हँडलची मूठ, हे तीन बिंदू जोडले की जो त्रिकोण होतो तोच आसनाचा त्रिकोण. गाडीवरचे सुख आणि दुःख दोन्ही त्याच्या तीन बाजूंत साठवलेले असते. गाडी मधल्या स्टँडवर, सपाट फरशीवर उभी करावी, मूळ त्रिकोणाची तिन्ही अंतरे दोरीने मोजून वहीत टिपून ठेवावीत, आणि मग कोणाला तरी गाडी धरावयास सांगून स्वतः नव्या आसनात बसून पाहावे : पाय मागे, लाकडी ठोकळ्यांवर, हात पुढे, आडव्या बांधलेल्या काठीवर. निदान अर्धा तास असे बसावे. गुडघा काटकोनापेक्षा फारच मिटला तर मांडीला पेटके येतील; कोपर ताठ राहिले तर प्रत्येक खड्ड्याचा दणका खांद्यात जाईल; आणि शरीराचा भार तळहातांवर आला तर बोटांना मुंग्या येतील. या शेवटच्या खुणेकडे विशेष लक्ष द्यावे. ताशी ८०–९० किलोमीटरच्या वेगात समोरचा वारा छातीला आधार देतो आणि मनगटे हलकी होतात, परंतु संथ वेगात तो आधार नसतो. आपला चालक गोरेगावावरून कोहमाऱ्याला जाऊन महामार्गाला लागेल तेव्हा वाऱ्यावर रेलेल हे खरे, पण त्याआधी आणि त्यानंतर त्याला गोंदियाच्या बाजारातून, धानाच्या ट्रॅक्टरांच्या रांगेमागून, पाऊलपाऊल गाडी न्यावयाची आहे. म्हणून मुठी बैठकीच्या पातळीपेक्षा किंचित वरच ठेवाव्यात, असे माझे स्पष्ट मत आहे. लंडनच्या छायाचित्रांतील मुठी याहून खाली असतात, पण ते रस्ते निराळे आणि ती मनगटेही विशीतली.

हँडलाचे काम त्यामानाने लवकर उरकते. जुन्या बुलेटच्या फोर्कचा माथा आणि हेडलाइटचे घर हे एकच ओतीव अंग आहे. क्लिप-ऑन लावावयाचे तर त्याखालची पत्र्याची आवरणे काढावी लागतात आणि गाडीचा चेहराच हरवतो. त्यापेक्षा मूळ पकडीतच बसणारे, त्याच २२ मिलिमीटर जाडीचे, पण सपाट व किंचित खाली झुकलेले हँडल घ्यावे. ते बसवल्यावर दोन्ही टोकांपर्यंत वळवून पाहावे : मूठ आणि टाकी यांच्यामध्ये बोटे सहज मावली पाहिजेत, नाहीतर अरुंद गल्लीत गाडी वळवताना अंगठा चेंगरेल. नंतर इंजिन संथ चालू ठेवून हँडल पुन्हा डावीउजवीकडे पूर्ण फिरवावे. फिरवताना इंजिनाचा आवाज चढला, तर अ‍ॅक्सिलरेटरची वायर कुठेतरी ताणली जात आहे असे समजावे, आणि तिचा मार्ग बदलल्याखेरीज गाडी अंगणाबाहेर काढू नये.

खरे कसब फुटरेस्टमध्ये आहे, आणि येथे गोंदियाचा कारागीर उपयोगी पडतो. हा भाताच्या गिरण्यांचा मुलूख. शेलरचे शाफ्ट, बेअरिंगची घरे, गनमेटलच्या बुश ही कामे करणाऱ्या लेथवाल्यांना एक पायपट्टी बसवून देणे मुळीच अवघड नाही, फक्त आपण त्यांच्यापुढे नेमका नमुना ठेवला पाहिजे. तो नमुना आधी पुठ्ठ्याचा करावा, मग प्लायवूडचा, आणि त्यावर बसून-उठून समाधान झाल्यावरच पोलादाचा. पट्टी दहा मिलिमीटर जाडीच्या पोलादी प्लेटची असावी, आणि ती चेसिसवर आधीपासून असलेल्या दोन छिद्रांत दोन बोल्टांनी आवळावी. एकाच बोल्टवर टांगलेली पट्टी आज ना उद्या पायाच्या भाराने फिरते. बोल्ट डोक्यावर ८.८ हा आकडा असलेलेच वापरावेत. मागे बसणाऱ्याचे फुटरेस्ट काढून त्याच्या जागी चालकाचे बसवणे हा सोपा मार्ग दिसतो, पण तो घेऊ नये; मधली जागा शोधावी आणि दोघांचेही पाय शाबूत ठेवावेत.

पाय मागे गेला की ब्रेकचे पेडलही मागे न्यावे लागते, आणि येथे एक बारीक हिशेब आहे जो पुष्कळ हौशी मंडळी करीत नाहीत. पेडलच्या खिळीपासून पाय दाबतो तेथपर्यंतचे अंतर आणि खिळीपासून ब्रेकचा दांडा अडकतो तेथपर्यंतचे अंतर, या दोहोंचे प्रमाण म्हणजे ब्रेकची पकड. समजा मूळ अंतरे २०० आणि ५० मिलिमीटर आहेत, म्हणजे पायाचा जोर चौपट होऊन दांड्याला मिळतो. नवे पेडल १२० मिलिमीटरचेच करता आले, तर दांड्याचे अंतर ३० वर आणलेच पाहिजे, तसेच ५० ठेवले तर पकड चाळीस टक्क्यांनी घटेल आणि ड्रम ब्रेकच्या या गाडीला ती उणीव परवडणारी नाही. आपल्या गाडीची अंतरे आपणच मोजावीत. दांड्याच्या प्रत्येक सांध्यात खीळ आणि तिच्यात दुमडलेली स्प्लिट पिन असावी, तारेचा तुकडा नव्हे.

जुन्या बुलेटचा ब्रेक डाव्या पायाला आणि गिअर उजव्या पायाला, हे नव्या पिढीला चमत्कारिक वाटते; शिवाय पहिला गिअर वर आणि उरलेले तिन्ही खाली. फुटरेस्ट मागे गेल्यावर गिअरचा दांडा अर्धा वळसा देऊन मागच्या दिशेला तोंड करून बसवला, तर पायाशी तो आपसूक येतो, पण क्रम उलटा होतो : पहिला खाली, बाकीचे वर. ही युक्ती बिनखर्चाची आहे, आणि आजच्या बहुतेक गाड्यांचा क्रमही असाच असल्याने ती मला पसंत आहे. मात्र घरात दुसरे कोणी ती गाडी चालवीत असेल तर त्याला आधी नीट समजावून द्यावे. किकही उजवीकडेच असते. ती खाली येताना नव्या फुटरेस्टवर आदळते, म्हणून उजवे फुटरेस्ट दुमडणारे करून घ्यावे. ते लेथवाल्याला आधीच सांगितले नाही तर सगळी पट्टी नव्याने करावी लागेल.

राहिली सीट, आणि तिच्याबरोबर कायदा. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या ५२ व्या कलमानुसार नोंदणीच्या दाखल्यातील तपशील आणि निर्मात्याने ठरवलेला तपशील यांत तफावत पडेल असा फेरबदल मालकाला करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या कलमाचा अर्थ कडकपणे लावला आहे. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या १८२-अ कलमात अशा प्रत्येक फेरबदलाला पाच हजार रुपये दंड, किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. ज्यामुळे वाहनाचे मूळ लक्षणच बदलते असा रचनेतील बदल म्हणजे फेरबदल, असा खुलासा ५२ व्या कलमातच आहे. चेसिस कापणे त्यात निःसंशय येते, मूळ पकडीत दुसरे हँडल बसवणे येते असे मला वाटत नाही, तथापि कामापूर्वी जिल्ह्याच्या परिवहन कार्यालयात लेखी विचारणा करून उत्तर दप्तरी ठेवावे. दाखल्यावर आसनक्षमता दोन लिहिलेली असते, तेव्हा एकट्याची सीट हीही तफावतच. शिवाय मागे बसणाऱ्याचे कपडे चाकात अडकू नयेत म्हणून निम्मे चाक झाकणारे कवच असावे, असे केंद्रीय मोटार वाहन नियमांतील १२३ वा नियम सांगतो. ज्याला आपण साडीगार्ड म्हणतो ते शोभेसाठी काढून टाकणाऱ्यांनी रोवणीच्या दिवसांत मागे डबा घेऊन बसलेल्या माउलीचा, किंवा दिवाळीनंतर मंडईला निघालेल्या कुटुंबाचा विचार करावा. मी स्वतः या एका गोष्टीत तडजोड मान्य करणार नाही.

उपाय सोपा आहे. मूळ सीटच्याच बोल्टांवर बसणारी, दोघांची, पण पातळ व सपाट सीट करून घ्यावी, आणि तिच्या मागच्या अर्ध्यावर फायबरचा उंचवट्याचा टोप दोन बोल्टांनी लावावा. एकटे निघताना टोप चढवावा, दुकटे निघताना उतरवावा. मागचे मडगार्ड जागचे जागी राहू द्यावे. आपल्याकडचा आषाढ-श्रावण ज्याने पाठीवर घेतला आहे त्याला याचे कारण सांगावे लागणार नाही. चेसिस अखंड ठेवण्याचा आणखी एक लाभ असा, की जुलै २०२१ च्या नियमांप्रमाणे पन्नास वर्षांहून जुन्या आणि मूळ रूपात जपलेल्या गाडीला ‘व्हीए’ अक्षरांचा स्वतंत्र विंटेज क्रमांक मिळू शकतो. तशी गाडी रोजच्या वापरास चालत नाही, पण १९७० च्या आसपासची बुलेट ज्याच्याजवळ आहे त्याने हा हक्क ग्राइंडरच्या एका फटक्यासरशी कायमचा घालवू नये. काढलेले प्रत्येक मूळ अंग तेल लावून, चिठ्ठी बांधून, एका पेटीत ठेवावे.

सगळे बसवून झाल्यावर पहिली फेरी रिकाम्या रस्त्यावर, ताशी ३० किलोमीटरच्या आत, केवळ ब्रेक पारखण्यासाठी घ्यावी. परत आल्यावर फुटरेस्टचे बोल्ट पुन्हा आवळावेत, आणि ५० किलोमीटरनंतर आणखी एकदा. पुढील लेखांकात वायरिंगचा विचार करू : सहा व्होल्टच्या जुन्या गाड्यांना बारा व्होल्टवर कसे आणावे, आणि पावसाळ्यात हेडलाइटच्या घरात शिरणारे पाणी कोणत्या वाटेने येते. तोवर वाचकांनी आपल्या गाडीवरील अल्टरनेटरच्या तारांचे रंग वहीत उतरवून ठेवावेत.