टेपमध्ये बंद झालेली दप्तरे

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझच्या वेधशाळेने २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदवला. मुंबईतील हाहाकाराच्या बातम्यांपुढे पनवेलचे नाव काहीसे मागे पडले. परंतु पनवेल शहरात आणि शेजारच्या कळंबोलीतही त्या वेळी पुराचे पाणी वस्तीत शिरले होते. अशा पुराचा पहिला फटका तळमजल्याला बसतो. तळमजल्यावर असतात ती दुकाने, दवाखाने, करसल्लागारांच्या कचेऱ्या, छापखाने. त्या काळी संगणकाचा डबा बहुधा टेबलाखाली, थेट फरशीवर ठेवण्याची पद्धत होती. फूटभर पाणी आले तरी हार्ड डिस्क चिखलात जाणार, हे ओघानेच आले.

ज्यांनी आधी बॅकअप घेऊन तो वरच्या मजल्यावर किंवा घरी नेऊन ठेवला होता, त्यांची दप्तरे अशा प्रसंगी वाचतात. बॅकअपची टेप त्याच टेबलाच्या खणात ठेवणाऱ्याला बॅकअप असून नसल्यासारखाच. तळ्यांचे गाव म्हणून ओळखल्या जाणाऱ्या आणि गाढी नदीच्या काठी वसलेल्या पनवेलकरांना हे वेगळे सांगायला नको. १८५२ साली स्थापन झालेली इथली नगरपालिका १ ऑक्टोबर २०१६ रोजी महानगरपालिका झाली, जुन्या वाड्यांच्या जागी इमारती आल्या, कचेऱ्या वरच्या मजल्यांवर गेल्या. या स्थलांतरात कपाटांच्या तळातून काही ठिकाणी हाताच्या पंजाएवढी, कधी काडेपेटीहून थोडी मोठी अशी प्लॅस्टिकची कार्ट्रिज बाहेर पडतात. त्यांवर पेनाने ‘हिशेब मार्च ९८’ असे काहीतरी लिहिलेले असते. ती काय आहेत, त्यांतले काही परत मिळेल काय, आणि त्यासाठी जुना संगणक पुन्हा कसा उभा करावा, हा प्रश्न मग उभा राहतो.

दोन घराणी

वैयक्तिक संगणकावर वापरल्या गेलेल्या टेपची ढोबळमानाने दोन घराणी होती. पहिले क्यूआयसी, म्हणजे पाव इंच रुंदीच्या टेपचे. त्यातील छोटी कार्ट्रिज क्यूआयसी-४० आणि क्यूआयसी-८० या प्रकारांत मिळत. पुढे हेवलेट-पॅकार्डच्या ताब्यात गेलेल्या कोलोरॅडो कंपनीचे ‘जम्बो’ ड्राइव्ह या वर्गात लोकप्रिय होते. नव्वदच्या दशकाच्या मध्यावर याच घराण्यात ट्रॅव्हन टेप आली. दुसरे घराणे डीडीएसचे. ध्वनिमुद्रणासाठी निघालेल्या डीएटी कॅसेटवर संगणकाची माहिती साठवण्याचे हे तंत्र सोनी आणि हेवलेट-पॅकार्ड यांनी १९८९ मध्ये आणले. व्हिडिओ रेकॉर्डरप्रमाणे यात फिरत्या गोल डोक्यावरून टेप तिरकी सरकते. डीडीएस-१ मध्ये २ गीगाबाइट, डीडीएस-३ मध्ये १२, तर डीडीएस-४ मध्ये २० गीगाबाइट माहिती मावत असे.

वेष्टनावरच्या आकड्यांवर मात्र विसंबू नये. ‘२५०’ असे मिरवणाऱ्या क्यूआयसी-८० टेपची खरी क्षमता १२० मेगाबाइट होती. माहिती दाबून निम्मी होईल, असे गृहीत धरून उरलेला आकडा छापलेला असे. हिशेबाच्या फायली खरोखरच निम्म्या होत. छायाचित्रांच्या फायली मुळातच दाबलेल्या असल्याने जवळपास तशाच राहत. टेप मधेच का संपली, या तक्रारीचे मूळ पुष्कळदा इथे सापडे.

जोडणी आणि तिची दुखणी

क्यूआयसी-८० ड्राइव्ह स्वस्त होते, कारण त्यांना स्वतंत्र कार्ड लागत नसे. फ्लॉपीच्याच पट्टीवजा केबलला ते जोडले जात. या काटकसरीची किंमत वेळात मोजावी लागे. सेकंदाला ५०० किलोबिट वेगाच्या फ्लॉपी कंट्रोलरवरून फार तर ६० किलोबाइटच्या आसपास माहिती सरके. म्हणजे १२० मेगाबाइटला अर्ध्या तासाहून अधिक, आणि लिहिलेले पुन्हा वाचून ताडून पाहायचे तर तेवढाच वेळ आणखी. बॅकअप चालू असताना कोणी फ्लॉपी वाचायला गेले की काम अडे, कारण दोघांचा मार्ग एकच होता.

आज असा संगणक पुन्हा सुरू करताना पहिला अडथळा टेपचा नसतोच. मदरबोर्डावरची नाण्याएवढी बॅटरी संपलेली असते, त्यामुळे तारीख, हार्ड डिस्कचा प्रकार, फ्लॉपीची नोंद असे सारे सेटिंग पुसले गेलेले असते. बॅटरी बदलून, बायॉसमध्ये जाऊन फ्लॉपी कंट्रोलर सुरू आहे याची खात्री करावी. ड्राइव्ह प्रिंटरच्या पॅरलल पोर्टला जोडण्याचा असेल, तर त्या पोर्टची पद्धत ईपीपी किंवा ईसीपी आहे की साधी, हे तिथेच पाहावे लागते. चुकीच्या पद्धतीवर काही ड्राइव्ह दिसतच नाहीत, काही दिसतात पण गोगलगायीच्या गतीने चालतात.

डीडीएस ड्राइव्ह बहुधा स्कझी कार्डाला जोडलेले असत. स्कझी साखळीचे नियम थोडे, पण कडक. प्रत्येक उपकरणाला स्वतःचा क्रमांक हवा, तो दुसऱ्याशी जुळता कामा नये. कार्ड स्वतःसाठी सामान्यतः ७ हा क्रमांक राखून ठेवते आणि सुरुवातीची हार्ड डिस्क ०वर असते. साखळीच्या दोन्ही टोकांना टर्मिनेटर हवा, मध्ये कुठेही नको. बाहेरचा ड्राइव्ह संगणकाच्या आधी सुरू करावा, अन्यथा तो ओळखला जात नाही. ‘ड्राइव्ह कधी दिसतो, कधी दिसत नाही’ या तक्रारीत सॉफ्टवेअर पुनःपुन्हा बसवत बसण्यापेक्षा टर्मिनेटर तपासणे शहाणपणाचे.

सॉफ्टवेअरचे स्वभाव

विंडोज ९५ सोबत येणारा बॅकअप फ्लॉपी केबलवरचे क्यूआयसी ड्राइव्ह ओळखे, स्कझी ड्राइव्ह ओळखत नसे. शिवाय डॉस ६ वर घेतलेला बॅकअप त्याला उलगडता येत नसे. एकाच कंपनीच्या दोन पिढ्यांत ही तऱ्हा. विंडोज एनटी, २००० आणि एक्सपी या मालिकेत एनटीबॅकअप हा प्रोग्रॅम होता. विंडोज २००० पासून त्याच्या फायलींचे शेपूट ‘बीकेएफ’ असे. एक्सपीच्या होम आवृत्तीत तो आपोआप बसत नसे, सीडीवरून वेगळा घालावा लागे. विंडोज व्हिस्टाबरोबर आलेल्या नव्या बॅकअपने टेपला रजा दिली आणि विंडोज ७ मधून टेप हाताळणारी ‘रिमूव्हेबल स्टोरेज’ ही व्यवस्थाच गेली.

या व्यवस्थेने विंडोज २००० वापरणाऱ्यांना बरेच छळले. टेप ड्राइव्हमध्ये आहे, दिवा लागलेला आहे, तरी प्रोग्रॅम म्हणतो की वापरण्याजोगी टेप नाही. कारण असे, की प्रत्येक टेप एखाद्या ‘मीडिया पूल’मध्ये टाकली जाई: कोरी, बाहेरून आलेली, न ओळखलेली, किंवा बॅकअपसाठीची. दुसऱ्या संगणकावर लिहिलेली टेप ‘बाहेरून आलेली’ या गटात पडे आणि एनटीबॅकअप तिच्यावर लिहायला तयार होत नसे. नवी टेप असेल तर ती योग्य गटात हलवली की प्रश्न सुटे. जुनी, भरलेली टेप असेल तर मात्र सावध राहावे. न ओळखलेली टेप तयार करू काय, असे विंडोजने विचारले आणि घाईत ‘होय’ म्हटले, की टेपच्या आरंभीची नोंद पुसली जाते; पुढचा मजकूर टेपवर असूनही सामान्य साधनांना तो दिसेनासा होतो. म्हणून जुनी टेप ड्राइव्हमध्ये घालण्यापूर्वी तिची लेखनबंदीची कळ सरकवावी. डीडीएस कॅसेटवर कळीचे भोक उघडे दिसत असेल, तर ती सुरक्षित आहे.

दुसरा गोंधळ उघड्या फायलींचा. लेखनिक टॅली चालू ठेवून घरी जाई आणि रात्रीचा बॅकअप नेमकी तीच फाइल वगळून पुढे जाई. सकाळी पडद्यावर ‘पूर्ण’ असे दिसे. वगळलेल्या फायलीची नोंद अहवालाच्या पोटात असे आणि तो अहवाल कोणी उघडत नसे. एक्सपीमध्ये उघड्या फायलीचीही सावली प्रत घेण्याची सोय आली, त्याआधी ती नव्हती. त्यात भारनियमनाचे दिवस! वीज गेली, यूपीएसने दहा मिनिटांत मान टाकली, की टेप अर्धवट. चांगल्या कचेऱ्यांत म्हणूनच एकाच टेपवर रोज लिहीत नसत. रोजची, आठवड्याची आणि महिन्याची अशा वेगळ्या टेप ठेवून महिन्याची टेप इमारतीबाहेर ठेवत.

टेपचे म्हातारपण

क्यूआयसी कार्ट्रिजच्या आत एक ताणलेला रबरी पट्टा असतो, तो दोन्ही रिळे फिरवतो. वीस-पंचवीस वर्षांत हा पट्टा सैल होतो, तुटतो किंवा टेपला चिकटतो. ड्राइव्हमधील टेप फिरवणारे रबरी चाक त्याहून वाईट: काही जुन्या ड्राइव्हमध्ये ते अक्षरशः डांबरासारखे पाघळते आणि जी टेप घालावी तिला काळे फासते. म्हणून हाती आलेल्या ड्राइव्हमध्ये आधी बोटाने चाक तपासावे, आणि मोलाची टेप घालण्यापूर्वी बिनमोलाची टेप फिरवून पाहावी.

या कार्ट्रिजची आणखी एक खोड फारशी ठाऊक नसते. तिच्यातील टेप रिळाला बांधलेली नसते, नुसती गुंडाळलेली असते. टेपच्या दोन्ही टोकांजवळ बारीक छिद्रे असतात आणि ड्राइव्हमधला प्रकाशसंवेदक ती पाहून मोटर थांबवतो. संवेदकावर धूळ बसली असेल तर छिद्र दिसत नाही आणि टेप रिळावरून पूर्ण निसटते. मग कार्ट्रिज उघडून ती हाताने पुन्हा गुंडाळण्याला पर्याय उरत नाही. सुक्या मऊ कुंच्याने संवेदक पुसण्याचे दोन मिनिटांचे काम हे सारे वाचवते. त्यानंतर टेप एकदा शेवटापर्यंत नेऊन परत आणावी, म्हणजे तिचा ताण सारखा होतो. बहुतेक बॅकअप प्रोग्रॅमांत त्यासाठी ‘रीटेन्शन’ अशी सोय असते.

कोकणच्या पावसाळी हवेत टेपला बुरशी लागणेही नवलाचे नाही. पांढरट ठिपके दिसणारी टेप ड्राइव्हमध्ये घालू नये. बुरशी ड्राइव्हच्या डोक्यावर आणि तिथून पुढच्या टेपवर जाते. वातानुकूलित खोलीतून आणलेली किंवा बाहेरच्या दमट हवेतून आलेली टेप वाचण्यापूर्वी दिवसभर त्याच खोलीत ठेवावी. पुरात भिजलेल्या टेपबाबत लोक हमखास चुकतात. तिला हेअर ड्रायर लावणे किंवा उन्हात टाकणे, दोन्ही घातक. चिखल सुकून टेपचे थर एकमेकांना चिकटण्याआधी ती शुद्ध, शक्यतो ऊर्ध्वपातित पाण्याने धुऊन, खोलीच्या तापमानाला सावलीत वाळवावी, आणि माहिती खरोखर मोलाची असेल तर जाणत्याच्या हाती द्यावी.

वाचायचे कसे

जुनी टेप किती वेळा वाचता येईल याची शाश्वती नसते. कधी एकदाच वाचली जाते. त्यामुळे एकेक फाइल शोधत बसण्याऐवजी पूर्ण टेपची जशीच्या तशी प्रत हार्ड डिस्कवर घ्यावी आणि उलगडण्याचे प्रयोग त्या प्रतीवर करावेत. स्कझी ड्राइव्हसाठी लिनक्समध्ये ‘एमटी’ आणि ‘डीडी’ या आज्ञा पुरतात. टेपवरच्या प्रत्येक फायलीनंतर खूण असल्याने, आपोआप न गुंडाळणारे उपकरण, म्हणजे ‘एनएसटी०’, निवडून एकामागून एक भाग वाचावे लागतात. फ्लॉपी केबलवरच्या ड्राइव्हची वाट अधिक अरुंद आहे. त्यांना चालवणारा ‘एफटेप’ हा भाग लिनक्सच्या गाभ्यातून २००७ मध्ये काढून टाकण्यात आला. यूएसबी फ्लॉपी ड्राइव्हचा इथे उपयोग होत नाही. खऱ्या फ्लॉपी कंट्रोलरचा जुना संगणक आणि त्यावर जुने लिनक्स किंवा मूळ डॉस प्रोग्रॅम, हाच मार्ग. डीडीएसमध्येही ड्राइव्हची पिढी पाहावी लागते: डीएटी ७२ हा नंतरचा ड्राइव्ह डीडीएस-३ आणि डीडीएस-४ वाचतो, त्याआधीच्या टेप वाचत नाही.

आणि फाइल हाती आली म्हणजे मजकूर हाती आला असेही नाही. फॉक्सप्रोच्या डीबीएफ फायली लिबरऑफिससारख्या प्रोग्रॅममध्ये आजही उघडतात. मराठी मजकुराचे तसे नाही. त्या काळी युनिकोड प्रचलित नव्हते. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची श्रीलिपी किंवा सी-डॅकचे आयएसएम वापरून पेजमेकरमध्ये अक्षरजुळणी होई. तो फाँट नसेल, तर लग्नपत्रिकेपासून दिवाळी अंकापर्यंत सारे रोमन अक्षरांचा खिचडा दिसते. टेपसोबत त्या संगणकाचा फाँटचा फोल्डरही बॅकअपमध्ये असेल तर तो आधी सोडवावा. फाँटचे नाव कळले की युनिकोडमध्ये रूपांतर करणारी साधने मिळतात.

एवढा खटाटोप कशासाठी, असे एखाद्याला वाटेल. कायद्यापुरते बोलायचे तर कंपनी कायदा २०१३ नुसार हिशेबवह्या ८ आर्थिक वर्षे जपाव्या लागतात. १९९८ च्या टेपची त्यासाठी गरज नाही. पण जमिनीच्या व्यवहारांची टिपणे, रुग्णांच्या नोंदी, एखाद्या संस्थेच्या बंद पडलेल्या नियतकालिकाचे अंक यांना अशी मुदत नसते. टेप हे माध्यमही संपलेले नाही. फेब्रुवारी २०११ मध्ये सॉफ्टवेअरमधील दोषामुळे जीमेलच्या ०.०२ टक्के वापरकर्त्यांच्या टपालपेट्या रिकाम्या दिसू लागल्या, तेव्हा गुगलने तो मजकूर टेपवरूनच परत आणला. डिस्कवरच्या साऱ्या प्रतींना बाधलेला दोष कपाटातल्या टेपपर्यंत पोहोचू शकत नव्हता. आज मोठ्या संस्था एलटीओ जातीच्या टेप वापरतात. त्यांच्या २०२१ मध्ये आलेल्या नवव्या पिढीच्या एका कार्ट्रिजमध्ये १८ टेराबाइट मावतात. तिथेही पिढ्यांची अट आहेच: आठव्या पिढीचा ड्राइव्ह फक्त सातवी आणि आठवी वाचतो. म्हणून नव्या टेपवर लेबल लावताना तारखेसोबत ड्राइव्हचा प्रकार, सॉफ्टवेअरचे नाव, आवृत्ती आणि पासवर्ड कोणाकडे आहे हेही लिहावे. लेबल लावताना ते शाईपेनाने लिहू नये, पाण्यात शाई उतरते.