काट्यांवर नजर कोणाची?

उतरण्याच्या बेतात असताना ब्रिटनभोवतीच्या समुद्रात पडलेल्या हेलिकॉप्टरांचे चौकशी अहवाल ओळीनं वाचले की एक गोष्ट बोचत राहते. यंत्र धडधाकट होतं. पाणी जवळ येतंय हे मात्र वेळेत कोणाच्या ध्यानात आलं नाही.

16 जुलै 1983. पेन्झान्सहून सिली बेटांकडे निघालेलं ब्रिटिश एअरवेजचं सिकॉर्स्की. समुद्र शांत, हवा धुरकट. पायलट बाहेर बघून 250 फुटांची उंची राखू पाहत होता; पण सपाट पाणी आणि करडं आभाळ एक झालं की डोळे फसतात. हेलिकॉप्टर नकळत खाली येत पाण्यावर आदळलं. 26 पैकी 20 जण गेले. उंची घटल्याचा आवाजी इशारा देणारं उपकरण त्यात नव्हतं.

27 डिसेंबर 2006 ची रात्र, मोरकॅम्बे उपसागर. गॅस प्लॅटफॉर्मवर उतरताना ताबा को-पायलटकडे होता. प्लॅटफॉर्मचे दिवे सोडले तर मिट्ट काळोख. अंदाज चुकतोय हे जाणवताच त्यानं मदत मागितली. कमांडरनं ताबा घेईपर्यंत सुमारे चार सेकंद गेले. सातही जण मेले. हा अपघात मला सर्वांत अस्वस्थ करतो. मदत मागायला तो कचरला नव्हता!

2009 मध्ये ईटॅप प्लॅटफॉर्मजवळ रात्री असाच अंदाज चुकला. तिथे मात्र अठराही जण वाचले.

मग 23 ऑगस्ट 2013, शेटलंडमधलं सम्बरा विमानतळ. ढग खाली आलेले, सुपर प्युमात अठरा जण. खाली येण्याचा दर ऑटोपायलट सांभाळत होता, वेग पायलटनं शक्ती कमी-जास्त करून राखायचा होता. ती शक्ती कमी पडली. दर टिकवायला ऑटोपायलट नाक वर उचलत गेला आणि वेग घसरत गेला. 80 नॉटचा वेग 35 च्या खाली गेला तरी कोणी पाहिलं नाही. त्यानंतर हेलिकॉप्टर स्वतःच्याच पंख्यांनी खाली ढकललेल्या हवेत बुडू लागलं. अशा वेळी शक्ती वाढवूनही ते सावरत नाही आणि पुढे झेप घेऊन बाहेर पडायला लागणारी उंची उरलेली नव्हती. चौघे दगावले.

‘पायलटची चूक’ एवढा शेरा मला अपुरा वाटतो. कॉकपिटमध्ये दोन माणसं बसवतात ती एकानं बाहेर पाहताना दुसऱ्यानं काट्यांवरून नजर हलवू नये म्हणून. ही वाटणी ऐन उतरताना का मोडते, हे शोधायला हवं. हा प्रश्न आपल्याही दाराशी आहे. जुहूहून मुंबई हायकडे हेलिकॉप्टरांची ये-जा सुरूच असते. नोव्हेंबर 2015 मध्ये तिथे रात्रीच्या सरावात दोन पायलट गेले. 28 जून 2022 ला, ऐन पावसाळ्यात, सागर किरण रिगजवळ हेलिकॉप्टर समुद्रात पडलं. नऊपैकी चौघे परतले नाहीत.