खोलीतली मोटारशर्यत

मोटारशर्यतीचा सिम्युलेटर म्हणजे घरच्या खोलीत मांडलेली, जागची न हलणारी मोटार. समोर पडदा, हातात स्टिअरिंग, पायाशी पेडल, आणि शर्यतीचा रस्ता संगणकात. हा तर पोरखेळ, असे आपण म्हणाल. परंतु जॅन मार्डनबरो हा ब्रिटिश तरुण २०११ साली अशाच खेळाच्या स्पर्धेतून निवडला गेला, खऱ्या गाडीवर शिकला, आणि २०१३ साली फ्रान्समधल्या ल माँच्या चोवीस तासांच्या शर्यतीत उतरला. तेव्हा खोलीतले कौशल्य रस्त्यावर उतरू शकते. मात्र त्यासाठी यंत्र विचाराने बांधले पाहिजे. पैसा मोजकाच असतो. तो कोठे घालावा आणि कोठे वाचवावा?

याचे उत्तर एका जुन्या यंत्रात सापडते. अमेरिकेत एडविन लिंक नावाचा तरुण वडिलांच्या ऑर्गनच्या कारखान्यात काम करी. विमान शिकणे फार महाग, म्हणून त्याने ऑर्गनचेच भाते वापरून १९२९ साली जमिनीवर डुलणारे एक बुटके विमान तयार केले. पुढे १९३४ साली टपाल नेणारे लष्करी वैमानिक खराब हवेत सापडून मेले, तेव्हा लष्कराने अशी सहा यंत्रे घेतली. आता मौज पाहा. या यंत्रावर झाकण घालून वैमानिकाला आत बसवीत. बाहेरचे त्याला काहीच दिसत नसे! कारण शिकवायचे होते ते हेच, की बाहेरचे दिसेनासे झाले तरी काट्यांवर भरवसा ठेवून विमान कसे चालवावे. लिंकने सगळे विमान नक्कल केले नाही. जे शिकायचे तेवढेच खरे ठेवले.

आपणही तसेच विचारावे. शर्यतीत जिंकणे-हरणे बहुधा ठरते ते वळणापूर्वी ब्रेक कसा दाबला त्यावर. म्हणून पहिला पैसा ब्रेकवर. साध्या पेडलमध्ये असते ते रेडिओच्या आवाजाच्या खुंटीसारखे साधन : पेडल किती फिरले, एवढेच ते मोजते. पण खऱ्या गाडीचा ब्रेक थोडासा सरकतो आणि मग घट्ट लागतो. त्यापुढे सारा हिशेब जोराचा. पायालाही किती अंतर सरकलो यापेक्षा किती जोर लावला हे अधिक नेमके आठवते. म्हणून जोर मोजणारे पेडल घ्यावे. त्यात ‘लोड सेल’ असतो. नवल नाही, वाण्याच्या दुकानातल्या इलेक्ट्रॉनिक वजनकाट्यात असतो तोच!

मात्र अशा पेडलवर चाळीस-पन्नास किलोंचा जोर पडतो. चाकांच्या खुर्चीवर बसाल तर खुर्चीच मागे पळेल. टेबल हलले, फळी वाकली, की तेवढा जोर वाया गेला आणि पायाची समजूत चुकली. म्हणून दुसरा पैसा सांगाड्यावर. तो ॲल्युमिनियमचाच हवा असे नाही. सुताराने जाड लाकडाचा ठोकून दिला तरी चालेल. आसन आणि पेडल एकाच चौकटीला आवळलेले हवे, एवढे बघा.

मग स्टिअरिंग. त्यातली मोटर हाताला रस्त्याची खबर देते. तिची ताकद न्यूटन-मीटरमध्ये सांगतात. आठ न्यूटन-मीटर म्हणजे काय? तीस सेंटिमीटर व्यासाच्या चाकाच्या कडेला सुमारे साडेपाच किलोंची ओढ. मोटर दुबळी असली, की लहान कर्ण्याचा आवाज वाढवल्यावर तो फाटतो ना, तसे होते : मोठे धक्के सारे एकसारखे लागतात आणि टायर निसटू लागल्याची सूचना हरवते. उलट फार बलवान मोटर टक्कर झाली तर अंगठाही दुखावील. म्हणून बंद करण्याचे बटण हाताशी असावे.

पडदा मोठा असण्यापेक्षा तो जवळ असणे आणि कोन बरोबर असणे महत्त्वाचे. शिक्षक बंधुभगिनींनी हे फळ्यावर काढून दाखवावे. साठ सेंटिमीटर रुंदीचा पडदा साठ सेंटिमीटरवर ठेवला, तर डोळ्याशी सुमारे ५३ अंशांचा कोन होतो. तोच १२० सेंटिमीटरवर नेला की जेमतेम २८. खेळातही हाच कोन द्यावा. तो वाढवला तर रस्ता रुंद दिसतो खरा, पण वळण आहे त्याहून दूर भासते, आणि ब्रेक उशिरा लागतो.

शेवटी राहिली ती हलणारी खुर्ची. तिचा मोह सर्वांना पडतो. पण खऱ्या गाडीचा ब्रेक अंगाला कितीतरी क्षण पुढे ओढीत राहतो. खोलीत तेवढी जागा कुठली? म्हणून खुर्ची पुढे झुकवून वजनालाच ती ओढ भासवायला लावतात. हा एक प्रकारचा चकवा. तो किंचित उशिरा आला, की डोळा एक सांगतो, कान दुसरेच, आणि पोटात ढवळते. त्यापेक्षा आसनाखाली थरथर देणारा, कागदी पडदा नसलेला एक लाउडस्पीकर बसवावा. थोड्या पैशात चाके लॉक झाल्याचे पाठीला कळते.

तेव्हा क्रम असा : ब्रेक, सांगाडा, स्टिअरिंग, पडदा, हालचाल सर्वांत शेवटी. आणि एक गोष्ट कितीही पैसे दिले तरी विकत मिळत नाही : भीती. खोलीतली टक्कर एका बटणाने पुसली जाते, रस्त्यावरची नाही. यंत्र हात-पाय शिकवील. जपून चालवणे मात्र पोरांना आपणच शिकवायचे आहे.