गाणं शिकायला परदेशी जायचंय?

गेल्या डिसेंबरात आमच्या गटातल्या एका ताईंनी मासिक बैठकीत 40 हजारांचं कर्ज मागितलं. कशाला, तर म्हणाल्या, "पोरीला लंडनला गाणं शिकायचंय. एजंट म्हणतो, पैसे भरा, प्रवेश पक्का." मुलगी गाण्यात विशारद, बी.ए. झालेली. आम्ही कर्जाचा निर्णय पुढच्या बैठकीवर ठेवला आणि मुलीला घेऊन त्या कॉलेजची माहिती मोबाईलवर वाचायला बसलो. तेव्हा जे कळलं, ते आज सांगते.

आधी हे ठरवा, की नेमकं काय शिकायचं? गायन-वादन, संगीतरचना, ध्वनिमुद्रण आणि संगीताचं संशोधन या वेगवेगळ्या वाटा आहेत. लंडनच्या रॉयल अकॅडमी ऑफ म्युझिकसारख्या ठिकाणी गायन म्हणजे पाश्चात्त्य गायन. परीक्षक त्यांच्याकडची गाणी ऐकतात, त्यांच्या लिपीतले स्वर वाचायला लावतात. आपल्या मुलीचा यमन कितीही सुरेल असला, तरी तिथे तो कोणी मागत नाही. आपलं संगीत शिकवणाऱ्या जागा मोजक्या. नेदरलँड्समधल्या रॉटरडॅमला असा विभाग पंडित हरिप्रसाद चौरसियांच्या मार्गदर्शनाखाली चालला. म्हणून अर्जाआधी कॉलेजला ईमेल करून विचारा, "माझं गाणं तुम्ही तपासता का?" ईमेलला पैसे पडत नाहीत.

दुसरी गोष्ट मुदतीची. ब्रिटनमधल्या बहुतेक मोठ्या संगीत महाविद्यालयांचे अर्ज 'यूकॅस कॉन्झर्व्हेटॉयर्स' या एकाच ठिकाणी ऑनलाइन भरतात. गायन-वादनाची मुदत ऑक्टोबरच्या सुरुवातीला संपते आणि वर्ग भरतात पुढच्या सप्टेंबरात. म्हणजे आमच्या ताईंकडे डिसेंबरात पैसे मागितले, तेव्हा मुदत उलटून दोन महिने झाले होते!

तिसरी गोष्ट रेकॉर्डिंगची. अनेक ठिकाणी पहिली निवड व्हिडिओवर होते. चांगल्या मोबाईलवरही तो होतो. पंखा बंद, दार लावलेलं, चेहरा आणि हात दिसतील असा कॅमेरा. मधे काटछाट नको, आवाज गोड करणारी यंत्रणा नको. किती मिनिटं आणि काय गायचं, हे त्यांच्या सूचनेत असतं, तेवढंच पाठवा.

कागदपत्रं वर्षभर आधी जमवायला घ्या. पासपोर्ट, गुणपत्रिका, इंग्रजीची परीक्षा आणि गुरुजींचं शिफारसपत्र. पत्रात नुसतं "गुणी मुलगी" नको. किती वर्षं शिकली, काय शिकली, रियाज कसा करते, ते यावं. मूळ प्रमाणपत्रं कोणाच्याही हाती देऊ नका.

आता पैसा. जर्मनीत बऱ्याच राज्यांतल्या सरकारी संगीत महाविद्यालयांत शिकवणीची फी नाही. पण व्हिसासाठी वर्षाच्या खर्चाचे सुमारे 12 हजार युरो, म्हणजे 10 लाखांहून जास्त रुपये, खात्यात दाखवावे लागतात. शिवाय जर्मन भाषा हवी. बँकेचं शैक्षणिक कर्ज साडेसात लाखांच्या वर गेलं, की बहुधा घर किंवा जमीन तारण मागतात. पदवीनंतर शिकणाऱ्यांना जे. एन. टाटा एन्डोमेंट 1892 पासून मदत करते, पण तेही कर्जच, फेडावं लागतं. घर तारण ठेवण्याआधी हप्त्याचा हिशोब वहीत मांडा. परत येऊन काय काम करणार, हे मुलीला विचारायला लाजू नका.

आणि एजंट? फॉर्म मुलगी स्वतः भरू शकते. प्रवेश देतात ते परीक्षक, त्यामुळे "पक्का" हा शब्द ऐकला की पर्स बंद करा.

आमच्या गटाने 40 हजार दिले नाहीत, पासपोर्टसाठी आणि इंग्रजीच्या तयारीसाठी 8 हजार दिले. ताई महिनाभर माझ्यावर रुसल्या होत्या. मुलगी आता संशोधनाच्या अभ्यासक्रमांची माहिती काढतेय. तिथे तिची विशारद कामाला येईल, असं तिला वाटतं. प्रवेश मिळेल की नाही, ते पुढच्या वर्षी कळेल. सोनं मात्र अजून ताईंच्या कपाटात आहे.