स्कॅनर म्हणतो 'सेन्सर', पण बिघाड वायरमध्येही असू शकतो. गाडीचा फॉल्ट कोड नेमका वाचायचा कसा?

पुण्यात दोन-चार मोठे पाऊस झाले की गॅरेजमध्ये एक तक्रार हमखास येते. गाडी चालतेय, आवाज नेहमीचाच, पण डॅशबोर्डवर इंजिनाचा पिवळा दिवा लागलाय. मेकॅनिक स्टेअरिंगखालच्या १६ पिनांच्या सॉकेटला स्कॅनर जोडतो, स्क्रीनवर 'पी०११३' उमटतं आणि उत्तर मिळतं, "साहेब, सेन्सर गेलाय." सेन्सर बदलला जातो, बिल भरलं जातं. चार दिवसांनी दिवा परत हजर.

आता यात मेकॅनिक फसवतच असतो असं नाही. घोळ होतो तो कोडचा अर्थ लावताना.

मुळात ही ओबीडी यंत्रणा आली ती प्रदूषणावर नजर ठेवायला. अमेरिकेत १९९६ पासून नव्या गाड्यांना ओबीडी-२ सक्तीचं झालं. भारतात १ एप्रिल २०२० ला बीएस-६ लागू झालं, २०२३ मध्ये त्याचा दुसरा टप्पा आला आणि गाडीच्या कॉम्प्युटरवरची ही जबाबदारी आणखी वाढली. नव्या गाड्या या नियमांत बसतात का, हे तपासणारी एआरएआय ही संस्था पुण्यातच आहे, १९६६ पासून.

कोडचं पहिलं अक्षर विभाग सांगतं. पी म्हणजे इंजिन-गिअरबॉक्स, सी म्हणजे ब्रेक-स्टेअरिंग वगैरे, बी म्हणजे बॉडी आणि यू म्हणजे गाडीतल्या कॉम्प्युटरांचं आपसातलं बोलणं.

पी०११३ चा पूर्ण अर्थ असा, की इंजिनात जाणाऱ्या हवेचं तापमान मोजणाऱ्या सेन्सरच्या 'सर्किटमध्ये' व्होल्टेज जास्त आहे. सगळी गंमत 'सर्किट' या शब्दात आहे. कॉम्प्युटर या सेन्सरकडे ५ व्होल्ट पाठवतो. हवा तापली की सेन्सरचा रोध कमी होतो आणि व्होल्टेज उतरतं. पण उंदरानं वायर कुरतडली किंवा कपलर सैल झाला, तर व्होल्टेज ५ वरच अडकतं. कॉम्प्युटरला वाटतं, बाहेर उणे ४० अंश आहे. पुण्यात! सेन्सर आतून तुटला तरी नेमकं हेच दिसतं.

मग फरक कसा कळणार? सेन्सर दोन वायरींचा असेल तर इंजिन बंद, इग्निशन चालू ठेवून त्याचा कपलर काढायचा आणि त्यातल्या दोन पिना वायरच्या तुकड्यानं जोडायच्या. स्कॅनरवरचं तापमान एकदम शंभरीपार गेलं तर वायरिंग ठीक, सेन्सर बदला. आकडा ढिम्म हलला नाही तर नवा सेन्सर घेऊन उपयोग नाही, वायर शोधायला लागा. अर्थात हा प्रयोग वायरिंग डायग्राम पाहूनच करायचा, आणि एअरबॅगच्या पिवळ्या कपलरला तर हातही लावायचा नाही.

एकाच वेळी पाच-सहा असंबंधित कोड आले तर आधी बॅटरी आणि अर्थिंग बघायचं. इंजिन चालू असताना बॅटरीवर साधारण १३.५ ते १४.५ व्होल्ट हवेत. गंजलेला अर्थिंगचा बोल्ट भल्याभल्यांना फिरवतो.

दिवा नुसता लागला असेल तर गॅरेजपर्यंत जाता येतं. तो लुकलुकत असेल तर इंजिन मिसफायर होतंय, न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जाळू शकतं, त्यामुळे गाडी बाजूला घ्यायची.

आणि कोड पुसण्याआधी स्क्रीनचा फोटो काढून ठेवायचा. बिघाडाच्या क्षणी वेग, तापमान किती होतं याची नोंदही कोडसोबतच पुसली जाते.