‘मोतीबिंदूच असेल’ म्हणून थांबताय? साठीनंतर डोळ्यांच्या कोणत्या डॉक्टरकडे कधी जायचं, समजून घ्या

“आईला आताशा कमी दिसतं. वय झालं, मोतीबिंदूच असेल. सोयाबीन निघालं की बघू.” उमरेड, भिवापूर, कुही या पट्ट्यातल्या कितीतरी घरांत हे बोलणं होतं. सोयाबीन निघतं, मग धान येतो, मग मिरची येते, मग घरात लग्न निघतं. बघायचं राहून जातं.

बरेचदा तो खरंच मोतीबिंदू असतो आणि थोडं थांबल्याने फार बिघडत नाही. पण काही वेळा तो काचबिंदू असतो, मधुमेहाने खराब होत चाललेला पडदा असतो, नाहीतर डोळ्याच्या नसेचा आजार असतो. यात गेलेली नजर परत आणता येत नाही. बाहेरून मात्र हे सगळे आजार सारखेच वाटतात, कारण आई एवढंच सांगते, “धुरकट दिसतं बाप्पा.”

म्हणून कोणता त्रास थांबू शकतो, कोणता नाही, कोणता उमरेडला निभतो आणि कशासाठी नागपूर गाठावंच लागतं, हे समजून घेऊ.

आकडे काय सांगतात?

केंद्र सरकारसाठी दिल्लीच्या एम्सने २०१५ ते २०१९ या काळात देशभर अंधत्वाचं सर्वेक्षण केलं. त्यात पन्नाशीपुढच्या दर १०० लोकांमागे जवळपास २ जण अंध आढळले. या अंधत्वाचं कारण ६६.२ टक्के लोकांमध्ये ऑपरेशन न झालेला मोतीबिंदू होता.

याचे दोन अर्थ निघतात. एक, ज्येष्ठांमधलं दोन तृतीयांश अंधत्व एका छोट्या ऑपरेशनने दूर होऊ शकतं. दुसरा अर्थ बहुतेकांच्या लक्षात येत नाही. उरलेल्या एक तृतीयांश लोकांचं कारण मोतीबिंदू नव्हतं. ‘मोतीबिंदूच असेल’ हा अंदाज तीनपैकी एकाच्या बाबतीत चुकतो.

मोतीबिंदू: ‘पिकू द्या’ हा सल्ला जुना झाला

आपल्या डोळ्यात बाहुलीच्या मागे एक पारदर्शक भिंग असतं. वय वाढतं तसं ते गढूळ होतं. हाच मोतीबिंदू. तो डोळ्यावर चढलेला पापुद्रा नाही, त्यामुळे कोणतेही थेंब, काजळ किंवा अर्क घालून तो विरघळत नाही. ‘बिना ऑपरेशन मोतीबिंदू बरा’ असे व्हिडिओ फिरत असतात, पण मोतीबिंदू घालवणारं एकही औषध आज उपलब्ध नाही.

पूर्वी मोतीबिंदू पिकण्याची वाट पाहिली जायची, कारण पूर्ण भिंग अखंड काढावं लागायचं आणि नंतर जाड भिंगांचा चष्मा लागायचा. १९४९ मध्ये लंडनमध्ये हॅरॉल्ड रिडली यांनी पहिल्यांदा डोळ्यात कृत्रिम भिंग बसवलं. १९६७ मध्ये अमेरिकेत चार्ल्स केलमन यांनी ध्वनिलहरींनी मोतीबिंदूचा चुरा करून तो ओढून घेण्याची पद्धत आणली. तीच आजची ‘फेको’. लोक तिला ‘लेझरचं ऑपरेशन’ म्हणतात, पण नेहमीच्या फेकोत लेझर नसतो.

आता पिकण्याची वाट पाहायचं कारण उरलेलं नाही. उलट फार पिकलेला मोतीबिंदू कडक होतो आणि ऑपरेशन अवघड होतं. कधी तो फुगतो किंवा फुटतो, डोळ्यातला दाब वाढतो आणि एका रात्रीत डोळा लाल होऊन ठणकायला लागतो. अशा वेळी नस कायमची खराब होऊ शकते.

मग ऑपरेशन कधी करायचं? कमी दिसण्यामुळे रोजची कामं अडायला लागली की. तांदूळ निवडता येत नाहीत, समोरच्या गाडीचा लाइट डोळ्यावर पसरतो, पायरी चुकते, औषधाच्या गोळ्यांची अदलाबदल होते. पडून खुब्याचं हाड मोडण्यापेक्षा वेळेवर ऑपरेशन केलेलं कधीही बरं.

एक फसवं लक्षणही ओळखून ठेवा. “बाबांना आता चष्म्याशिवाय पेपर वाचता येतो, डोळे सुधारले!” असं वाटलं तर आनंद करण्याआधी तपासणी करा. मोतीबिंदूच्या एका प्रकारात भिंग घट्ट होतं आणि चष्म्याचा नंबर बदलतो. काही काळ जवळचं चांगलं दिसतं, दूरचं मात्र बिघडत जातं.

काचबिंदू: नाव सारखं, आजार वेगळा

मोतीबिंदू आणि काचबिंदू ही नावं जोडीने येतात, त्यामुळे गोंधळ होतो. काचबिंदूत भिंगाला काही झालेलं नसतं. डोळ्याकडून मेंदूकडे जाणारी नस हळूहळू मरत जाते, बहुतेक वेळा डोळ्यातल्या वाढलेल्या दाबामुळे. काही लोकांत दाब नेहमीइतकाच असूनही नस खराब होते.

यात आधी कडेची नजर जाते. मधलं साफ दिसत राहतं, म्हणून माणसाला काही जाणवत नाही. दाराच्या चौकटीला खांदा आपटणं, बाजूने आलेली सायकल न दिसणं, एवढंच होतं आणि घरचे म्हणतात, ‘लक्ष नसतं’. मधलं दिसणं बिघडतं तोवर बरीच नस गेलेली असते. ती परत येत नाही. थेंब, लेझर किंवा ऑपरेशनने उरलेली नजर वाचवता येते. थेंब बहुधा आयुष्यभर घालावे लागतात. ‘काही फरक वाटत नाही’ म्हणून ते बंद करणं हीच यातली सगळ्यात मोठी चूक, कारण या औषधाने दिसणं वाढत नसतं. आहे ते टिकतं.

हे वाचणारे तुम्ही चाळिशीच्या पुढे असाल, तर ही गोष्ट तुमच्याही कामाची आहे. आई, वडील, भाऊ किंवा बहीण यांच्यापैकी कुणाला काचबिंदू असेल, तर तुमचा धोका वाढतो. त्यांना तपासायला नेलंच आहे, तर स्वतःचाही डोळ्याचा दाब आणि नस तपासून घ्या.

पडद्याचे आजार: मधुमेह आणि वय

डोळ्याच्या आत मागच्या बाजूला पडदा असतो. चित्र त्यावर उमटतं. मधुमेहामुळे या पडद्यातल्या बारीक रक्तवाहिन्या गळायला लागतात. सुरुवातीला दिसणं अगदी ठीक असतं. म्हणून प्रौढ वयात मधुमेह निघाला की त्याच वेळी पडद्याची तपासणी करायची आणि पुढे निदान वर्षातून एकदा. यासाठी थेंब घालून बाहुली मोठी करावी लागते. नुसता चष्म्याचा नंबर काढून पडद्याचा आजार कळत नाही.

दुसरा आजार वयामुळे होतो. पडद्याचा मधला भाग झिजतो. बाजूचं दिसतं, पण समोरच्या माणसाचा चेहराच पुसट होतो. खिडकीचे गज, फरशीच्या रेषा, दाराची चौकट वाकडी दिसायला लागली, तर दिवस मोजत बसू नका. यातल्या एका प्रकारात पडद्याखाली नको त्या रक्तवाहिन्या वाढून गळतात. डोळ्यात इंजेक्शनं देऊन तो आवरता येतो, पण उशीर झाला की जे गेलं ते गेलं.

वावरात आणि मिरचीच्या सातऱ्यावर

आपल्या भागातले बरेच ज्येष्ठ सत्तरीतही वावरात जातात. धानाचं कुसळ, तुरीची काडी, पऱ्हाटीचा फाटा डोळ्याला लागणं ही रोजचीच बाब. पण काडी-कचऱ्यातली बुरशी बुबुळात शिरली, तर पांढरा डाग पडतो आणि जखम चिघळते. अशा डोळ्यात मध, एरंडेल किंवा दूध घालू नका. मेडिकलमधून आणलेले ‘लाली घालवणारे’ थेंब तर नकोच. अशा अनेक थेंबांत स्टेरॉइड असतं. लाली जाते, बरं वाटतं आणि आत बुरशी जोमाने वाढते. हेच थेंब महिनोन्‌महिने वापरले, तर काचबिंदू आणि मोतीबिंदू दोन्ही होऊ शकतात.

मिरचीचे देठ खुडणाऱ्या बायकांच्या डोळ्यांची आग होते, पाणी येतं. मिरचीचा हात डोळ्याला लागला, तर डोळे चोळू नका. आधी साबणाने हात धुवा, मग स्वच्छ पाण्याने डोळे भरपूर धुवा. तरीही दुखणं किंवा धुरकटपणा राहिला, तर डॉक्टरला दाखवा.

उमरेडला काय होतं, नागपूरला कशासाठी जायचं?

चष्म्याचा नंबर, मोतीबिंदू आहे की नाही याची पहिली तपासणी, साधी जळजळ किंवा कोरडेपणा, याची सुरुवात तालुक्याच्या सरकारी रुग्णालयात, गावच्या शिबिरात किंवा स्थानिक नेत्रतज्ज्ञाकडे करता येते. एक फरक लक्षात ठेवा. चष्म्याच्या दुकानात नंबर काढून मिळतो, आजाराचं निदान नाही. नंबर बदलूनही साफ दिसत नसेल, तर पुढचा चष्मा करण्याऐवजी डॉक्टर गाठा.

नेत्रतज्ज्ञांमध्येही पुढचे भाग असतात: पडद्याचे, काचबिंदूचे, बुबुळाचे, पापणी आणि अश्रुनलिकेचे. असे तज्ज्ञ आणि त्यांना लागणारी यंत्रं मोठ्या शहरात असतात. नागपूर आपल्यापासून सुमारे ४५ किलोमीटर. तिथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय म्हणजे ‘मेडिकल’, इंदिरा गांधी शासकीय वैद्यकीय महाविद्यालय म्हणजे ‘मेयो’ आणि मिहानमधलं एम्स, या तिन्ही ठिकाणी नेत्ररोग विभाग आहेत. उमरेड रोडने शहरात शिरलं की यातलं मेडिकल मेयोपेक्षा जवळ पडतं. महात्मे नेत्र रुग्णालय, माधव नेत्रालय अशा संस्थाही नागपुरात आहेत.

पुढच्या गोष्टींत मात्र एक दिवसही दवडू नका:

• एका डोळ्याचं दिसणं अचानक गेलं, दुखत नसलं तरीही. पडद्याची रक्तवाहिनी बंद झालेली असू शकते. हा डोळ्याचा झटकाच. यात तास मोजले जातात.
• डोळ्यासमोर अचानक खूप काळे ठिपके, विजेसारखे चमकारे किंवा एका बाजूने पडदा सरकल्यासारखं दिसणं.
• डोळा लाल, प्रचंड ठणका, दिव्याभोवती रंगीत वलयं, सोबत उलट्या. हे पित्त किंवा अर्धशिशी समजून घरी झोपवू नका.
• डोळ्याला मार लागल्यावर किंवा काडी लागल्यावर बुबुळावर पांढरा डाग.

शिबिरात जाताना हे विचारा

आता बहुतेक शिबिरांत तपासणी गावात होते आणि ऑपरेशनसाठी बसने रुग्णालयात नेलं जातं. ही पद्धत चांगली आहे. शाळेच्या वर्गात किंवा मंडपात ऑपरेशन करण्यापेक्षा निर्जंतुक शस्त्रक्रियागृह कितीतरी सुरक्षित. तरीही चार प्रश्न विचारायला लाजू नका. ऑपरेशन कोणत्या रुग्णालयात होणार? त्याआधी डोळ्याचा दाब आणि पडदा तपासणार का? पुन्हा दाखवायला कधी आणि कुठे यायचं? रात्री काही त्रास झाला, तर फोन कुणाला करायचा?

दाब आणि पडदा तपासणं का महत्त्वाचं? भिंग नवं बसलं, पण मागची नस किंवा पडदा आधीच खराब असेल, तर दिसणं फारसं सुधारत नाही. मग गावभर होतं, ‘ऑपरेशन फेल गेलं’, आणि शेजारचे चार जण ऑपरेशनच टाळतात.

डॉक्टरांना चालू असलेली सगळी औषधं दाखवा, विशेषतः रक्त पातळ करणारी गोळी आणि लघवीच्या त्रासासाठी पुरुषांना देतात ती टॅम्सुलोसिन. या गोळीने ऑपरेशनच्या वेळी बाहुली सैल पडू शकते आणि डॉक्टरांना आधी माहीत असलं तर ते तयारीत राहतात. स्वतःच्या मनाने गोळी बंद करू नका.

ऑपरेशननंतर पहिल्या काही दिवसांत दुखणं वाढलं, लाली वाढली किंवा दिसणं कमी झालं, तर ठरलेल्या तारखेची वाट पाहू नका, लगेच परत जा. आत जंतुसंसर्ग झाला असेल, तर डोळा वाचवायला फार थोडा वेळ असतो. भिंगाचा तपशील असलेलं कार्ड जपून ठेवा. काही महिन्यांनी किंवा वर्षांनी पुन्हा धुरकट दिसायला लागलं, तर घाबरू नका. भिंगामागचा पापुद्रा गढूळ झालेला असू शकतो. तो काही मिनिटांत लेझरने मोकळा करतात. इथे मात्र खरंच लेझर असतो.

खर्चाचं काय?

भारताने अंधत्व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम १९७६ मध्ये सुरू केला. त्याअंतर्गत सरकारी रुग्णालयात मोतीबिंदूचं ऑपरेशन मोफत होतं. ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षं आणि त्यापुढच्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान भारत योजनेत वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचं संरक्षण मिळतं. त्यासाठी आधार कार्डावरून वेगळं ‘वय वंदना’ कार्ड काढावं लागतं. निघण्याआधी फोन करून दोन गोष्टी विचारा: रुग्णालय योजनेत आहे का, आणि आपला उपचार त्यात बसतो का. राज्याच्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेत ६५ वर्षांपुढच्या पात्र ज्येष्ठांना चष्म्यासारख्या साधनांसाठी एकदा ३,००० रुपये देण्याची तरतूद आहे.

आज घरी करता येईल असं

आईला किंवा बाबांना भिंतीवरच्या कॅलेंडरसमोर बसवा. जवळचा चष्मा असेल तर लावू द्या. आधी एक डोळा तळहाताने झाका, मग दुसरा. दोन्ही डोळे उघडे असले की चांगला डोळा वाईट डोळ्याचं सांभाळून घेतो आणि एक डोळा जवळपास गेलेला असूनही माणसाला पत्ता लागत नाही. दोन डोळ्यांत फरक वाटला, चौकोन वाकडे दिसले, मधला आकडाच गायब झाला, तर डॉक्टरांची वेळ घ्या.

सगळं ठीक वाटलं तरी साठीनंतर वर्षातून एकदा तपासणी करा आणि त्या वेळी एवढंच म्हणा: “नंबर तर काढाच, पण दाब आणि पडदाही बघा.” सोबत जाणाऱ्याने त्या दिवशी स्वतःची गाडी चालवायची तयारी ठेवा. बाहुली मोठी करायचे थेंब घातले की काही तास ज्येष्ठांना नीट दिसत नाही, त्यामुळे परतीच्या वाटेवर त्यांचा हात धरायला कुणीतरी हवं.